ड्रायरचा पाइप आणि साल्याचं नाक

१४ जुलै २०२५, सोमवार
रिसोडले झड लागून राह्यली. सूर्य कुठं गेला कोणाले माहीत. माझ्या लाँड्रीत ओल्या चादरींचा ढीग, आणि ड्रायर तीन फेऱ्या मारूनही कपडा वाळवत नाही.

माझा साला जुनैद. समोरच त्याचं इलेक्ट्रिकचं दुकान. न बोलवता आला, मशीनमागं डोकावला आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणे, दुल्हाभाई, पाइप कापसानं भरला. आग लागीन. मी साफ करून देतो, तुमच्या हातचं काम नाही हे.

शाळेतल्या राखीमॅडम हसल्या. माझी बायको सबिहा त्यांच्याहून जास्त हसली.

ठराव: पाइप मीच साफ करीन. आणि जुनैदचं नाक कापीन. भर गल्लीत.

१५ जुलै, मंगळवार
मोबाईलवर व्हिडिओ पाह्यला. एकदम सोपं. ड्रायरची गरम हवा पाइपातून भिंतीबाहेर जाते, संग कपड्यांचा बारीक कापूस जाते. तो पाइपात अडकते. काढला की झालं. याले मेकॅनिक कायले पाह्यजे?

दुपारी भारी आयडिया सुचली. पाइपाचं तोंड गल्लीत निघते, नेमकं जुनैदच्या दुकानासमोर. आतून जोर मारला की सारा कापूस त्याच्या काउंटरवर. सफाई आणि बदला एकाच दमात. मनातल्या मनात हसलो. सबिहानं विचारलं, तब्येत बरी आहे ना?

१६ जुलै, बुधवार
काठीले जुनी चादर बांधून बाहेरून पाइपात घातली. काठी परत आली. चादर नाही आली.

सबिहा म्हणे, आता तरी जुनैदले बोलवा. मी म्हटलं, चादर मुद्दाम आत ठेवली, ती कापूस धरून ठेवते. तिनं इस्त्री जरा जोरातच आपटली.

१८ जुलै, शुक्रवार
धरमसिंगच्या शेतातून फवारणीचा ब्लोअर आणला. मशीनकडून पाइपात लावला, जुनैद दुकानात आहे हे पाहून घेतलं, आणि सोडला.

पुढं चादरीचं बूच. कापूस बाहेर जाईन कसा? सारा उलटा आला. माझ्या दाढीत, छताच्या पंख्यावर, आणि गोविंदसिंगच्या लॉजच्या धुतलेल्या चादरींवर. जुनैदच्या काउंटरवर एक कणही नाही.

तो दारात उभा राहून पाहून राह्यला होता. हात जोडून म्हणे, दुल्हाभाई, पाया पडतो, मशीन चालू करू नका.

मले धमकी देते! कापूस निघाला म्हणजे पाइप साफ झालाच ना? चादरी पुन्हा धुतल्या. उद्या मशीन चालू करतो.

१९ जुलै, शनिवार
आज लिहाले मन नाही. तरी लिहितो.

मशीन लावली, सबिहाले लक्ष ठेव म्हटलं आणि जगदेवच्या टपरीवर माझा पराक्रम सांगाले गेलो. जुनैद माझी माफी मागते, इथपर्यंत गोष्ट आणली होती. जगदेव म्हणे, हबीबभाऊ, तुमच्या गल्लीतून धूर निघून राह्यला.

चप्पल तिथंच राह्यली. धावलो. दुकानात धूरच धूर. सबिहा समोरच्या पायरीवर, तोंडावर ओढणी, खोकून खोकून डोळे लाल. जुनैदनं मेन बंद केला होता, ओलं पोतं घेऊन पाइप उपटला होता. माझी चादर नालीत कोळसा होऊन पडली होती. त्याचा तळहात भाजला.

सबिहानं फोन त्याले केला, मले नाही. काहून, मी विचारलं.

म्हणे, तुमी आले असते तर ब्लोअर घेऊन आले असते.

रात्री ती भिंतीकडं तोंड करून झोपली. मी दोनदा उठून पाह्यलं, श्वास बरोबर चालू आहे का तिचा.

२० जुलै, रविवार
जुनैदनं पट्टी बांधल्या हातानं नवा पाइप बसवला. टोमणा एक नाही. मी सकाळपासून उत्तरं तयार ठेवली होती, सारी वाया गेली. न बोलता माणसाले जाळते हा. मोठी चाल आहे. लक्षात ठेवीन.

२२ जुलै, मंगळवार
चादरी एका फेरीत खडखडीत. गोविंदसिंग घ्यायले आला. म्हणे, मशीन कोणं दुरुस्त केली?

मी तोंड उघडलं. सबिहानं इस्त्री थांबवली.

म्हटलं, जुनैदनं.

तो सरळ समोर गेला आणि लॉजच्या साऱ्या गिझरांचं काम त्याले देऊन आला. चांगलं झालं. आता मर म्हणा काम करून. जेवाले वेळ भेटणार नाही बेट्याले. बदला पुरा झाला.

जुनैद आत्ताच आला होता. गरम भजे घेऊन. म्हणे, दुल्हाभाई, तुमच्या जबानीनं काम भेटलं, शुक्रिया. पट्टीच्या हातानं त्याले पुडीचा दोरा सुटेना.

मी सोडून देला.