सील आणि साहेबांच्या दुरुस्त्या

प्रल्हाद,

इशिताला घेऊन मी डून लेरीच्या धक्क्यावर सील बघायला गेले आहे. फोन करू नकोस, उचलणार नाही.

तिच्या मॅडमचा ईमेल आलाय, तो डोळे उघडून वाच. ‘बाबांची गोष्ट मिळाली, आता इशिताची पाठवा.’ नऊ वर्षांच्या पोरीच्या गोष्टीत ‘मरीन मॅमल’ घुसवलंस, ते कुणाला कळणार नाही असं वाटलं? ऑफिसातले रिपोर्ट तपासतोस म्हणून लेखक झालास होय रे! शाळेत तुझे निबंध मी लिहून द्यायचे, विसरलास? आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

तू रद्दीत टाकलेला तिचा कागद मी काढून ठेवला होता. आज तिने तो मॅडमना पाठवला, चुकांसकट. तू ‘फालतू’ म्हणून खोडलेलं वाक्यही त्यात आहे: ‘सील दिवसभर समुद्राकडे बघत बसतो. माझ्या आजीसारखं त्यालाही घरी जायला विमान मिळत नाही.’

वर्ष झालं मला इथे आयर्लंडात अडकून. तुझ्या घरात ते एकट्या इशितालाच दिसलं.

आमटी फ्रिजमध्ये आहे. तिच्यात दुरुस्त्या करू नकोस, नुसती गरम कर.

आई