लेथ घरातच राहणार

बाबा,

तुमचा डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. मी कामावर निघाले. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या.

तुमचं लाकूड कातायचं लेथ मशीन न्यायला ते विकत घेणारा माणूस आला होता. मी त्याला परत पाठवलं. तुमच्या कपाळाला टाके पडल्यापासून 'पुरे झालं आता हे खूळ' असं तुमच्या चिरंजीवांबरोबर मीही म्हणत होते. पण आज खोलीत वाट मोकळी करताना बाकाखाली तो वाडगा सापडला, त्या दिवशी लेथवरून उडून तुमच्या कपाळाला लागलेला. एका बाजूला तडा गेलाय. सहज खिडकीशी धरला, तर कडेतून चक्क उजेड दिसला. लाकडातून उजेड, बाबा! इतकी पातळ कड तुम्ही नुसत्या हाताच्या अंदाजानं आणता? मी बघतच राहिले. तो माणूस दारातून विचारतोय, "वहिनी, मग नेऊ की नको?" मी म्हटलं, "नको."

यांना संध्याकाळी मी समजावते. आधी चिडतील. त्या दिवशी तुमचं रक्त यांनीच पुसलं, ती भीती अजून गेलेली नाही. तुम्ही मध्ये काही बोलू नका.

आणि नवीन फेस शील्ड खुंटीला अडकवलंय. ते तोंडावर चढवल्याशिवाय बटण दाबायचं नाही, तेही घरात कुणी असतानाच. रविवारी मी दाराबाहेर खुर्ची टाकून बसते. लेथचा आवाज येतोय तोवर आत डोकावणार नाही, शब्द देते.

तुमची सूनबाई