आईच्या न्हाणीघराचा खड्डा कोणत्या खात्यात येतो

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही मायलेकी सुखरूप आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. कितपत सुखरूप आहोत ते पुढे कळेलच. तुझी प्रकृती कशी आहे? वहिनीचं डोकं दुखायचं थांबलं का? मुलं अभ्यासाला बसतात की नुसतीच बसतात? आणि तुझा उजवा खांदा? (हवा बदलली की तो धरतो हे मला ठाऊक आहे. कॉलेजात तू गोळाफेकीत पहिला यायचास, आणि ऐन निवडीच्या वर्षी तुझा लोखंडी गोळा अंगणातून चोराने नेला नसता तर तू राष्ट्रीय संघात गेला असतास, ही हकीकतही ठाऊक आहे. मी तेव्हा रांगत होते, तरी ती मला तोंडपाठ आहे, कारण दर भेटीत तू ती सांगतोस. ती सुरू झाली की आई दूध उतू जातंय म्हणून आत पळते, हे तुझ्या कधी लक्षात आलंय का कोण जाणे.) फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राला 'नंतर करतो' म्हणता येत नाही.

आता मुद्द्याचं. आपल्या घरात न्हाणीघर आणि संडास वरच्या मजल्यावर, आणि आईची खोली खाली. बाबांनी घर बांधलं तेव्हा सगळेच दोन-दोन पायऱ्या एकदम चढत होते, त्यामुळे गुडघा नावाचा अवयव नकाशात धरलेला नव्हता. आता आई सकाळी कठडा धरून वर जाते आणि येताना एकेका पायरीवर बसत बसत खाली येते. मी हात द्यायला गेले की म्हणते, मी काय सामान आहे का? तेही चाललं असतं. पण मध्यंतरी माझ्या लक्षात आलं की तिच्या उशाशी ठेवलेला तांब्या संध्याकाळी जसाच्या तसा भरलेला असतो. पाणी प्यायलं की जिना चढावा लागतो, म्हणून बाई पाणीच पीत नाही. दादा, त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. मला वाईट वाटलं की मी रडत बसत नाही, गवंड्याला बोलावते.

तर मागच्या दाराशी, आईच्या खोलीला लागून, न्हाणीघर आणि संडास काढायचं ठरलं. गवंडीकाका आले, पहार घेऊन खड्डा खणायला लागले, आणि कमरेइतकं खाली गेल्यावर पहार ठण्ण करून वाजली. बघतो तर लहान भोपळ्याएवढा एक गोल जिन्नस. वर गंजाचे पापुद्रे, त्यांत खडी आणि माती अशी घट्ट बसलेली की आत काय आहे ते कळेना. गवंडीकाका म्हणाले, काढून नाल्यात टाकतो आणि कामाला लागतो. आई दारात आली, वाकून बघितलं, आणि म्हणाली, बुजवा तो खड्डा, मला नको न्हाणीघर. (मला वाटलं, खर्चाला भ्याली.) इथे मी जे केलं ते दुसऱ्या कोणी केलं नसतं. अरे, इतकी वर्षं मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. 'राष्ट्रीय शासनाची खाती व त्यांच्या जबाबदाऱ्या' हा धडा माझ्या हातखंड्याचा. वर्गात लावलेला तक्ता मी स्वतः काढला आहे. मध्ये शासन, भोवती चौकटी, चौकटींना बाण. जगातली कुठलीही वस्तू दाखव, ती कोणत्या चौकटीत बसते ते मी झोपेतून उठून सांगेन. अशी बाई जमिनीतून निघालेली वस्तू नाल्यात टाकू देईल होय? मी गवंडीकाकांना म्हटलं, थांबा, आपण संबंधित खात्याला कळवू. ते एवढंच म्हणाले की बाई, हे हात दाखवून अवलक्षण आहे. मी हसले. शिकलेली माणसं हसतात तशी.

तक्त्याप्रमाणे जुन्या वस्तूंचं जतन संस्कृती खात्याकडे. त्यांचे दोघे आले, एक बोलणारा आणि एक ब्रशवाला. ब्रशवाल्याने ब्रश फिरवला, बोलणारा बोलला: बहुधा तोफेचा गोळा, बहुधा जुना, बहुधा महत्त्वाचा. मग खड्ड्याभोवती दोरी बांधून 'हात लावू नये' अशी पाटी टांगली. गवंडीकाकांची पहार वस्तूला लागलेली असल्यामुळे तीही दोरीच्या आत राहिली. (तेव्हापासून गवंडीकाका रोज सकाळी येतात, दोरीपलीकडून पहारीकडे बघतात, चहा घेतात आणि जातात. दुसरं काम धरायचं तर पहार हवी, आणि दुसऱ्या पहारीला त्यांचा हात बसत नाही म्हणे.) जाता जाता बोलणारा म्हणाला की वस्तू आमचीच, पण ती फुटणार नाही असं ठरल्यावर. फुटणाऱ्या वस्तू संरक्षण खात्याकडे.

संरक्षण खात्याचे मिशीवाले साहेब आले. सगळ्यांनी घराबाहेर व्हा म्हणाले. मी झाले, गवंडीकाका माझ्या आधी झाले. आई मात्र चुलीपाशीच. चहाचं आधण ठेवलंय, आणि तो काही फुटत नाही, असं तिने आतूनच सांगितलं. साहेबांनी विचारलं, आजी, तुम्हाला कसं माहीत? आई म्हणाली, आमच्याकडचं काही फुटत नाही. साहेब पोटावर झोपून, गोळ्याला कान लावून बराच वेळ ऐकत राहिले आणि चहा घेताना म्हणाले की यात दारू नाही, म्हणजे हा आमचा नव्हे. तोफेचा असता तर इतका नेमका गोल नसता. इतका गोल म्हणजे आकाशातून पडलेला असणार, आणि आकाशातलं विज्ञान खात्याकडे.

विज्ञान खात्याची मुलगी गोड होती. आल्याबरोबर आईच्या पाया पडली. तिने पिशवीतून चुंबक काढून गोळ्याला लावला आणि तो असा चिकटला की आम्ही तिघींनी ओढूनही सुटेना. शेवटी तो तिथेच राहिला, आणि दोरीच्या आत असल्यामुळे आता तोही संस्कृती खात्याकडे जमा आहे. ती म्हणाली, कपचा काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि कपचा काढायला संस्कृती खात्याची परवानगी लागेल. संस्कृती खातं म्हणालं, वस्तू आमची आहे हे ठरल्याशिवाय आम्ही परवानगी कशी द्यायची? मग म्हणे जमिनीखालचं लोखंड म्हणून खनिज खात्याला विचारा. खनिज खात्याच्या माणसाने खड्ड्यात टेप सोडली आणि सांगितलं की वरची माती तुमची, खालची राष्ट्राची, आणि गोळा नेमका मध्ये आहे. आजींनी खाणीचा परवाना काढला होता का, असंही विचारलं. आई म्हणाली, मला आंघोळ करायची आहे रे, खाण काय करू? त्याने ते लिहून घेतलं.

तोवर दोन अवकाळी सरी येऊन गेल्या आणि खड्ड्यात पाणी साचलं. शेजारच्या वकिलीणबाईंनी आरोग्य खात्याला कळवलं. (त्यांचा चांगुलपणा तुला ठाऊकच आहे.) आरोग्यवाले म्हणाले, पाणी उपसा, नाहीतर डास होतील, आणि डास झाले तर तुमच्यावर कारवाई. उपसायला गेले तर पाण्यात बेडूक. आता नागरिकशास्त्राच्या बाईने बेडकाचं काय करावं? मी पर्यावरण खात्याला विचारलं. हो, मीच विचारलं, हसू नकोस. त्यांची बाई दुसऱ्याच दिवशी आली, वाकून बघितलं, आणि म्हणाली की बेडकीने अंडी घातली आहेत, पाण्याला धक्का लावायचा नाही. नेमके त्याच वेळी आरोग्यवाले बादली घेऊन हजर. दोघंही इतक्या सभ्यपणे भांडली की मी वर्गातल्या मुलांना ऐकवायला हवं होतं. शेवटी दोघांनी मला वेगवेगळं बजावलं: एकाच्या म्हणण्याप्रमाणे पाणी ठेवलं तर गुन्हा, दुसरीच्या म्हणण्याप्रमाणे काढलं तर गुन्हा. आई दोघांच्या मध्ये बसून चहा गाळत होती. खोटं कशाला सांगू, आईला हे सगळं बाधलेलं दिसत नाही. सगळे साहेब तिला आजी म्हणतात, गुडघ्याची चौकशी करतात, मिशीवाल्यांनी तर तेल पाठवलं. पण ती सगळी गेली की ती पुन्हा कठडा धरून वर जाते, आणि तांब्या भरलेलाच राहतो. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली आहे. परवा वर्गात तो धडा आला, तर मी तक्त्याकडे पाठ केली आणि मुलांना चित्रं काढायला दिली.

आता तुझं काम. तू राजधानीत राहतोस, आणि सगळी खाती ज्या लांबलचक इमारतीत बसतात तिच्यासमोरून तुझी बस जाते. एक दिवस उतर. मात्र 'हा गोळा कोणाचा?' असं अजिबात विचारू नकोस, तिथेच घोडं पेंड खातं. मी पुष्कळ विचार केला आहे. तू प्रत्येक खात्यात जाऊन 'हा तुमचा नाही ना?' एवढंच विचार. जबाबदारी घ्या म्हटलं तर सही मिळत नाही. जबाबदारी नाही असं लिहून द्या म्हटलं तर शिक्क्यासकट मिळते. सगळ्या खात्यांकडून 'आमचा नाही' असं लेखी जमलं की उरलं कोण? आपण. मग तो आपला, आणि आपला म्हटल्यावर गवंडीकाका तो नाल्यात टाकायला मोकळे. खांदा सांभाळून जा. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण

ता. क. वर सांगितलेलं काम करू नकोस. बसमधून उतरूच नकोस. नेहमीप्रमाणे हे पत्र पाकिटात घालण्यापूर्वी मी आईला वाचून दाखवायला बसले. तुझ्या खांद्यापाशी, म्हणजे चोराच्या गोष्टीपाशी आले आणि आई दूध बघायला उठली. मी म्हटलं, आई, आज आपल्याकडे दूधच आलेलं नाही. तर ती उभ्याउभ्याच थांबली. मग बसली आणि म्हणाली, चोर वगैरे कुणी नव्हता, मीच पुरला तो. दादा, काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. तुझी शेवटची परीक्षा होती, पुस्तक उघडायला तू तयार नव्हतास, दिवसभर अंगणात धाडधाड चाललेलं, आणि मी त्याच अंगणात रांगत होते. एकदा गोळा माझ्यापासून हातभर अंतरावर पडला म्हणे. त्याच दुपारी तिने तो मागच्या दाराशी पुरला. परीक्षा झाली की काढून देईन असं मनात होतं. पण तोवर तू गावभर चोर सांगून मोकळा झालास, चोराला मिशासुद्धा लावल्यास, आणि मग तिची जीभ उचलेना. पुढे ज्या ज्या वेळी तू संघात गेलो असतो म्हणालास, त्या त्या वेळी ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. मी विचारलं, मग इतके दिवस एवढी माणसं आली, तेव्हा का नाही बोललीस? म्हणाली, एवढे शिकलेले लोक एवढं मन लावून बोलत होते, मध्ये कसं बोलायचं? आणि मग हळूच म्हणाली, बोलले असते तर तुझ्या दादाला कळलं असतं.

ता. क. दुसरा. संस्कृती खात्याच्या बोलणाऱ्याला मी कळवलं. तो म्हणाला की मालक हयात असेल तर वस्तू जुनी धरता येत नाही. मालकाने स्वतः यावं, माझा आहे म्हणावं आणि उचलून न्यावा, म्हणजे बाकीची खाती आपोआप बाजूला होतील. (क्रीडा खात्याला कळवावं का, असं माझ्या मनात एकदा येऊन गेलं. आईने माझ्याकडे बघितलं. मी कळवलं नाही.) बेडकीची पिल्लं गवंडीकाका बादलीने विहिरीत सोडणार आहेत, त्याला पर्यावरणवाल्या बाई हो म्हणाल्या. तेव्हा तू ये. चुंबकासकट तो वर काढ, पहार गवंडीकाकांच्या हातात दे. रागवायचं असेल तर इथे येऊन, आईच्या समोर बसून रागव. लांबून फोन न उचलता रागवू नकोस. तिला ते सोसायचं नाही. मलाही नाही. खोलीच्या भिंतीपलीकडे न्हाणीघर उभं राहिलं की मी तिला तांब्याभर पाणी एका दमात प्यायला लावणार आहे, आणि तेव्हा तू शेजारी असावास असं मला वाटतं.

ता. क. तिसरा, आणि खरंच शेवटचा. हे सगळंही आईला वाचून दाखवलं. येऊ दे त्याला, म्हणाली. मग दोरीपलीकडे बघत तिने विचारलं, त्याचा खांदा खरंच इतका दुखतो का गं? मी म्हटलं, हो, खरंच दुखतो. म्हणाली, मग बरंच झालं मी पुरला ते. आणखी चार वर्षं फेकला असता तर हातच गेला असता.