रोटीवरचा चष्मा

प्रिय मुहय्यो,

तू गेल्यावर चाळीस दिवस शेजारच्या होसियतने रोट्या आणून दिल्या. एकेचाळिसाव्या दिवशी मी स्वतः तंदूर पेटवला. रोटी मधोमध टोचायची विसरलो, म्हणून ती टम्म फुगली आणि तंदूरच्या भिंतीवरून सुटून निखाऱ्यांत पडली. दुसऱ्या दिवशी पिसाच्या देठाने इतकी टोचली, की होसियत म्हणाली, "भाऊ, ही रोटी आहे की चाळणी?"

मग तिनेच सांगितलं. आदल्या दिवशी पाहिलेलं काहीतरी तू रोज रोटीवर टोचायचीस. डाळिंबाचं फूल, भांडणारे कावळे, काहीही.

"एकदा तर वहिनीनं तुमचा चष्मा काढला होता. तुम्ही नेमका तोच तुकडा आधी मोडलात! आठवत असेलच."

"आठवतंय की," मी म्हणालो.

मला ठाऊकच नव्हतं. एकतीस वर्षं मी तुझी रोटी वर्तमानपत्र वाचत खाल्ली.

आता रोज एक रोटी भाजतो. उद्या काय टोचावं, ते शोधत गल्लीतून फिरतो. कालव्याच्या पुलाला पाच कमानी आहेत, हे परवा कळलं. त्याच पुलावरून मी रोज कामाला जायचो. तुला त्या कधी दिसल्या होत्या का? आणि चष्म्यामागे माझे डोळेही काढले होतेस का? होसियतला हे विचारायला लाज वाटते.

आजची रोटी पाहून ती म्हणाली, "बेडूक झकास जमलाय, भाऊ." मी मान डोलावली.

तो तुझा हात होता. अंगठा नेमका कुठून वळायचा, ते आठवत नाही. उद्या पुन्हा काढून बघतो.

तुझा,
सोबिर