कंबर कमी होत चालली आहे

२ मार्च, सोमवार

आज डॉक्टरांनी, मीच शिवलेली पँट घालून, मला दम भरला. बीपी वर गेलंय, साखर उंबरठ्यावर येऊन उभी आहे, पोट कमी करा. लेक शेजारीच बसली होती. तिनं तिथल्या तिथे जाहीर केलं, बाबांची कंबर महिन्याभरात दोन इंच उतरली तरच मी बाहेरगावची नोकरी घेणार, नाहीतर इथंच राहणार.

एवढी चांगली नोकरी! हिची आई गेल्यापासून मशीनवर पाय मारून मारून हिला शिकवली, ती काय माझ्या पोटाची राखण करायला?

पण दोन इंच म्हणजे आम्हा टेलर लोकांच्या हातचा मळ. आयुष्यभर लोकांच्या कंबरा कमीजास्त केल्या, आता स्वतःची करायची एवढंच. उद्यापासून सेल्फ-केअर.

३ मार्च

पहाटे उठायचं ठरवलं होतं. जाग आलीही. पण मोबाईलवर एका गुळगुळीत माणसाचा व्हिडिओ पाहिला, तो म्हणतो पुरेशी झोप हीच पहिली सवय. पुन्हा झोपलो. पहिल्याच दिवशी एक सवय लागली. माणसाला जिद्द हवी.

४ मार्च

चालायला गेलो. बेकरीपर्यंत. बेकरी उघडायची होती म्हणून बराच वेळ उभा राहिलो. उभं राहणं हाही व्यायामच. बेकरीवाला जुना दोस्त, त्याचं मन मोडवेना. एक क्रीमरोल. येताना दुसरा खाल्ला, कारण रिकाम्या पोटी चालून चक्कर आली असती तर लेकीला उगाच घोर.

५ मार्च

आज खरी सुरुवात. तो गुळगुळीत माणूस म्हणतो, रबरी पट्टा घ्या, दोन्ही हातांनी डोक्यामागे ताणा, खांदे मोकळे होतात. पट्टा कशाला आणायचा? गळ्यात मापाची टेप असतेच की! ताणली. अहाहा! दिवसभर गिऱ्हाईक नसलं की ताणायची. पायात अडकवूनही ताणता येते.

मास्तर, म्हणजे आमचा कटर, म्हणाला की शेठ, टेपचे हाल होतील. त्याला विचारलं, शरीर मोठं की टेप? त्याला काय, त्याची लाकडी पट्टी कटिंगच्या टेबलावर ठोकलेली आहे. मी मापं घेऊन चिठ्ठी द्यायची, त्यानं पट्टीवर कापायचं. त्याचा टेपशी संबंधच काय?

९ मार्च

कंबर अर्धा इंच कमी!!

पुन्हा मोजली. कमीच. पळत घरी गेलो, लेकीला सांगितलं. ती म्हणाली, अरे वा, बाबा. आणि आतल्या खोलीत गेली, दार लावून. हल्ली सारखी आतच असते. बिचारी नोकरीच्या काळजीत असणार. थांब पोरी, दीड इंच राहिलं.

११ मार्च

बँकेचे साहेब नवी पँट घेऊन परत आले. हुक लागत नाही म्हणे. माप तर परवाच घेतलेलं. मी हळूच त्यांना कोपऱ्यात घेतलं आणि सांगितलं की साहेब, तुम्ही सुटलाय. खुर्चीत बसून बसून होतं असं. त्यांना फार लागलं. बायकोचा डबा बंद करतो म्हणाले.

१३ मार्च

दिवसभरात पाणी भरपूर प्यायचं, ही नवी सवय. अति उत्तम. फक्त एक झालं. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला ट्रायलमध्ये टाचण्या लावत होतो आणि मला घाईची लागली. आलो तोवर ते बिचारे दोन्ही हात पसरून तसेच उभे. हात खाली घेतले तर टाचणी टोचत होती म्हणे. त्यातून कोट काखेत घट्ट. हेही सुटलेत. चार चांगल्या गोष्टी सांगितल्या. टाचण्या टोचत असल्यामुळे त्यांनी शांतपणे ऐकून घेतल्या.

१६ मार्च

एक इंच कमी. टेपचा व्यायाम मात्र चमत्कार आहे. पाणी, चालणं हे सगळं बाजूला ठेवलं तरी चालेल. ठेवलं.

इकडे दुकानात घट्ट झालेल्या कपड्यांची रांग. मास्तर कुरकुरतो, शिलाई उसवून उसवून बोटं दुखली म्हणाला. मी म्हटलं, गावानं खाणं आवरलं नाही त्याला आपण काय करणार? सगळा गाव फुगत चाललाय आणि मी एकटा बारीक होतोय. गर्व नाही, पण दिसतंय ते लिहितो.

१८ मार्च, दुपार

आज मजा आली. डॉक्टर पँटच्या ट्रायलला आले. बसेना! पोट आत घेऊन, श्वास रोखून, टाचा उचलून पाहिलं. हुक आणि काजं यांची भेट काही होईना.

मी काहीच बोलणार नव्हतो. पण राहवलं नाही. त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हटलं, डॉक्टर, लोकांना सांगायचं आणि आपण कोरडे पाषाण राहायचं, हे बरं नव्हे. रात्रीचं जेवण बंद करा. जमल्यास टेप ताणत जा. त्यांचा चेहरा असा पडला की मला सूट द्यावीशी वाटली. दिली नाही.

२१ मार्च

दीड इंच! लेकीला सांगून तिला केक आणला. ती एक तुकडा खाऊन पुन्हा आत गेली. उरलेला वाया कसा घालवायचा?

रोज झोपताना कोणाचे तरी आभार मानावेत असं व्हिडिओत आहे. आज मी माझे मानले.

२४ मार्च

गणिताचे सर आले. काडीपैलवान माणूस. लग्नाच्या पँटच्याच मापाची पँट आजवर घालतात. या वेळी मी शिवलेली घट्ट झाली म्हणून घेऊन आले. मी नेहमीप्रमाणे समजावायला सुरुवात केली, सर, वयाबरोबर थोडंफार व्हायचंच. सरांनी ऐकून घेतलं, पिशवीतून फूटपट्टी काढली आणि माझ्या गळ्यातल्या टेपला लावली. टेपवरचा एक फूट फूटपट्टीपेक्षा अर्धं बोट लांब.

मग ते मला पोराला समजावतात तसं समजावू लागले. टेप ताणून ताणून लांब झाली. लांब टेप कंबरेभोवती घातली की आकडा कमी येतो. तो कमी आकडा चिठ्ठीवर लिहायचा आणि मास्तरनं तेवढंच कापड खऱ्या पट्टीवर कापायचं. कळलं का?

कळलं. मास्तर तोंड फिरवून खांदे हलवत होता. रडत असावा.

२५ मार्च

नवी टेप आणली. दुकान बंद करून, पडदा ओढून कंबर मोजली.

आकडा लिहीत नाही. रोजनिशीत सगळंच लिहायला पाहिजे असं कुठे आहे?

बँकेच्या साहेबांना निरोप धाडला की तुम्ही सुटलेले नाही, डबा चालू करा. डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही. ते सगळे हिशेब चुकते करतील. लेकीलाही नाही. तिनं जेवताना विचारलं, किती झाली बाबा? मी म्हटलं, चाललीये. खोटं नाही. कुठल्या दिशेनं चाललीये ते तिनं विचारलं नाही.

२६ मार्च

आता मात्र युद्धपातळीवर. बेकरीवाल्याकडे बघायचंही नाही. पहाटे उठलो, खरंच उठलो, आणि पार नदीच्या पुलापर्यंत चालत गेलो. गुडघे बोलायला लागले. येताना बसनं आलो. बसमध्ये जागा नव्हती, उभा होतो, म्हणून तेही चालण्यात धरलं.

२८ मार्च

दोन दिवस नुसतं सूप. एका बुशशर्टाला दोन्ही बाह्या डावीकडच्या लावल्या. कंबर जिथल्या तिथे. काय हट्टी अवयव आहे!

परवा डॉक्टरांकडे जायचं. मला झोप नाही. पोर माझ्यामुळे इथं अडकली, तर हिच्या आईला वर गेल्यावर काय तोंड दाखवू? माझं पोट गेलं खड्ड्यात, पण हिची नोकरी जायला नको.

३० मार्च

डॉक्टरांनी स्वतःच्या टेपनं कंबर मोजली. सावकाश, चवीनं. त्यांना गणिताच्या सरांकडून सगळं कळलेलं होतं. रात्रीचं जेवण सोडून ते चार दिवस उपाशी झोपले होते. महिन्याभरात माझी कंबर एक इंचानं वाढली आहे, हे त्यांनी आतल्या नर्सलाही ऐकू जाईल असं सांगितलं.

मी तिथंच लेकीचे हात धरले. म्हटलं, बाई, मी फसवलं तुला. पण तू जा. अट मोड, माझ्यावर चीड, बोलू नकोस, पण जा. मला सूप जमतं आता.

ती आणि डॉक्टर एकमेकांकडे बघत राहिले. मग ती हळूच म्हणाली, बाबा, मी तर पहिल्याच दिवशी हो कळवलंय. उद्या सकाळची बस आहे.

म्हणजे? मी विचारलं. ती म्हणाली, मी कॉलेजच्या सहलीला गेले तेव्हा तुम्ही मशीन बंद ठेवून दोन दिवस दारात बसून होतात. या खेपेला महिनाभर तसेच बसला असतात, आणि तुमचं तोंड बघून माझा पाय निघाला नसता. म्हणून डॉक्टरकाकांना म्हटलं, यांना काहीतरी उद्योग लावून द्या. तुम्ही कंबर मोजत बसलात तेवढ्यात माझं आत सगळं सामान भरून झालं.

डॉक्टर म्हणाले, बीपी मात्र खरं आहे हं. गोळी लिहून दिली.

घरी आलो. चक्क मला बनवलं! राग आला. मग राग कशाचा आला ते नीट आठवेना. संध्याकाळी तिच्या बॅगेची तुटलेली चेन बसवून दिली.

३१ मार्च, सकाळ

बसस्टँडवर लवकर पोचलो. लेक खिडकीत बसली. म्हणाली, बाबा, पोट कमी दिसतंय की हो! मी म्हटलं, मग! रोज चालणार आहे, काळजी करू नकोस.

पोट आत ओढून धरलं होतं, छाती पुढे. कोपऱ्यापर्यंत ती हात हलवत होती, मीही हलवला, पण श्वास सोडला नाही. बस वळली, दिसेनाशी झाली, तेव्हा सोडला.

पोट बाहेर आलं, आणि त्याच्याबरोबर रडूही. स्टँडवरची माणसं बघत होती. मग बाकावर बसलो, डॉक्टरांची गोळी घेतली आणि चालत घरी आलो.