मी दिवसाला किती जळतो?

ती. सौ. ताईस,

धाकट्या (आणि अलीकडे आडवा वाढलेल्या) भावाचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस म्हटलं की तू मुद्दाम चढतेस, म्हणून या वेळी काही म्हणत नाही. दाजींचा खोकला गेला का? इकडे आम्ही खुशाल आहोत, म्हणजे कालपासून आहोत. त्याआधी जे रामायण झालं त्याचं मूळ दाजींनी प्रेमाने पाठवलेला मनगटी पट्टा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

माणूस दिवसभरात किती कॅलरी जाळतो ते हा पट्टा सांगतो. मी तो उजव्या मनगटावर बांधून दुकान उघडलं. दोन-तीन गिऱ्हाइकांचे केस कापून होतात न होतात, तोच पट्टा थरथरला आणि माझं अभिनंदन करू लागला. मी म्हणे डोंगर चढून आल्याइतका जळलो होतो! (ताई, आपल्या घरात माझं अभिनंदन शेवटचं कधी झालं होतं?) जळलेलं भरून काढायला हवं म्हणून समोरच्या बेकरीत गेलो. मग पट्ट्याच्या शब्दाला मान देऊन रोजच जात राहिलो. शेवटी एकदा पँटचं बटण तुटून आरशावर टणकन आपटलं, खुर्चीतलं गिऱ्हाईक दचकलं आणि बिचाऱ्याचा एक कल्ला गेला.

तेव्हा डोक्यात किडा वळवळला. एवढा जळतोय, तर वाढतोय कसा? पट्टा डाव्या, कंगव्याच्या हाताला बांधून पाहिला. आकडा थेट निम्म्यावर! माणूस तोच, दुकान तेच. मग वाटलं, हिला बांधून बघू. तुला ठाऊकच आहे, ही वृद्धाश्रमात दिवसभर म्हाताऱ्यांना उठवते, बसवते, त्यांच्या चाकांच्या खुर्च्या ढकलते. संध्याकाळी आकडा पाहिला आणि कुठून दुर्बुद्धी झाली कोण जाणे, मोठ्याने म्हणालो, "अगं, तू तर माझ्यापेक्षा कमी जळतेस!"

"दिवसभर जळले नसेन," ती म्हणाली, "आत्ता जळतेय."

त्यानंतर अबोला. घरात फक्त भांडी बोलत होती.

माझं एक गिऱ्हाईक प्राध्यापक आहे, शरीराच्या श्रमांवरच संशोधन करतं. त्यांना विचारलं. ते म्हणाले, पट्टा हाताची हालचाल आणि नाडी मोजतो. कॅलरी मोजत नाही, वय-वजन धरून अंदाज ठोकतो. कात्री चालली की त्याला वाटतं माणूस पळतोय. खुर्ची ढकलताना मनगट हलत नाही, की वाटतं बाई निवांत आहेत. एखाद्याचा आकडा जवळपास जुळतो, एखाद्याचा पार भरकटतो. खरं मोजायचं तर तोंडाला मुखवटा लावून श्वास तपासावा लागतो. मी म्हटलं, लावा!

हीसुद्धा आली (मला हरवायला, दुसरं काही नाही). प्रयोगशाळेत नळीचा मुखवटा लावून मी प्राध्यापकांचे केस कापायला घेतले. मग हिनेही मुखवटा लावून त्यांनाच चाकांच्या खुर्चीत बसवून चढावर ढकललं. निकाल ऐक: मी खुर्चीत नुसत्या बसलेल्या माणसापेक्षा जेमतेम जास्त जळत होतो, आणि ही माझ्या दुपटीहून जास्त! मी तिथल्या तिथे हात जोडले. ही हसली. घरी येताना बोललीसुद्धा. (बेकरी बंद, एवढंच बोलली. पण बोलली.)

तुझा,
धाकटा

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. दाजींच्या सैलशा दोन पँट असतील तर पाठव. हिला कळू देऊ नकोस.

ता. क. ताई, मी तुमची भावजय. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलंय, म्हणून वाचलं. मुखवटा लावूनही हे अखंड बोलत होते. त्यामुळे यंत्राने मोजलं त्यात कात्री किती आणि जीभ किती, ते सरांनाही सांगता येईना. ह्यांचा निकाल बाद झालाय. पँट मात्र नक्की पाठवा. सरांनी पुन्हा बोलावलंय, पण मला एकटीला. उरलेले अर्धे केस ते दुसरीकडे कापून घेणार आहेत.