मोहिनीला सरळ करायचे दिवस

३ जुलै, गुरुवार

पाऊण तास! एक मोजा पायात, दुसरा हातात. मोहिनी पलंगाच्या कडेला बसलेली, नजर खिडकीबाहेर. साडेदहाला घटक चाचणी. पावणेदहाला विचारलं, "काय चाललंय?" दचकून म्हणाली, "घालतेच की पप्पा." साडेदहाच्या ठोक्याला परत बघितलं. तोच मोजा, तोच हात.

मारलं मी. पाठीत. दहावीतल्या पोरीला.

रडली नाही. उलट मोजा घालायला लागली — घाईघाईनं, उलटा.

५ जुलै, शनिवार

तिचं दप्तर उपसलं. तळाशी गणिताचा गृहपाठ. पंधरा दिवसांपूर्वीचा, पूर्ण केलेला, अक्षर मोत्यासारखं. सरांना दिलाच नाही! "कावून नाही दिलास?" तर म्हणे, "राहिलं." शाळा सुरू झाल्यापासून तीन पाण्याच्या बाटल्या हरवल्या. परवा टाकीचा नळ सुरू ठेवून आत गेली, टाकी रिकामी. तिची आई बबिता म्हणते, मुद्दाम करते, आपल्याला छळायला.

मुद्दाम करणाऱ्याचं तोंड असं नसतं. पण मग काय?

९ जुलै, बुधवार

मोहिनीच्या वर्गशिक्षिका वनमाला मॅडमनी शाळेत बोलावलं. मला वाटलं, आता शाळेतून नाव काढतील. पण त्यांनी चहा मागवला. म्हणाल्या, "परमेश्वरराव, तुमची मुलगी आळशी नाही. मी तिला तोंडी विचारते तेव्हा वर्गात सगळ्यात आधी तिचं उत्तर येतं. तिला सुरुवात करता येत नाही. आणि सुरू झालं की कुठं थांबायचं ते कळत नाही. अंबाजोगाईला मुलांच्या मनाच्या डॉक्टर आहेत. एकदा दाखवा."

मनाच्या डॉक्टर! शिपाई दारात उभा होता. त्यानं ऐकलं असणार.

१५ जुलै, मंगळवार

सुट्टी टाकून तिला घेऊन अंबाजोगाईला गेलतो. बबिताला सांगितलं, डोळे तपासायचेत.

डॉक्टर सत्यशीला मॅडम. वयानं लहान, बोलायला शांत. आधी मोहिनीशी तासभर एकट्या बोलल्या. मग मला आत घेतलं. "हुशारी भरपूर आहे," म्हणाल्या. "पण कामाला हात घालणं, आधी काय नंतर काय ते लावणं, वेळेचा अंदाज, ठेवलेली वस्तू ध्यानात राहणं — हे सांभाळणारा मेंदूतला भाग हिच्या वयाच्या मागं चालतोय. तिला करायचं असतं. होत नाही."

मी विचारलं, किती दिवसांत बरी होईल? "ताप नाही हा," म्हणाल्या. "अजून तपासण्या करू. गरज पडली तर औषध. पण महिने लागतील. आणि तुम्हा दोघांना बदलावं लागेल. काम तोडून एकेक पायरी द्यायची, समोर लिहून ठेवायची, शेजारी बसायचं. एक सांगते — मारून हे सुधारत नाही. भीती वाढते."

मारलेलं त्यांना कसं कळलं? मोहिनीनं सांगितलं असेल. मान वर करता आली नाही.

एसटीत मोहिनी माझ्या खांद्यावर झोपली. किती दिवसांनी.

१७ जुलै, गुरुवार

घरात भडका. शिपायाच्या बायकोनं बबिताला मंडईत विचारलं, "पोरीला वेड्याच्या डॉक्टरकडं नेलं म्हणं?" बबितानं दिवसभर भांडी आपटली. संध्याकाळी एकच वाक्य — "उद्या तिला कोण करून घेईल?"

मी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, पायऱ्यांचं सांगितलं. तिनं चिठ्ठी वाचलीसुद्धा नाही.

१८ जुलै, शुक्रवार

मेव्हणा तानाजी आला. बबितानंच बोलावला असणार. "दाजी, डॉक्टरच्या नादी कावून लागता? महिने जातेल. फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा! पाटोद्याच्या पुढं माळावर एक सर हायेत, विजयसिंह सर. निवासी केंद्र. फक्त पोरी. लई कडक. दोन महिन्यांत असली पोरगी सरळ करून देतेत."

असली पोरगी. मी काहीच बोललो नाही. न बोलणं म्हणजे होच.

२१ जुलै, सोमवार

सोडून आलो.

माळ उघडा. झाड नाही. पत्र्याची लांब शेड, भोवती कुंपण, फाटकाला कुलूप. पोरी ओळीनं बसून लिहीत होत्या. आम्ही आत आलो तरी एकीनंही वर बघितलं नाही. तानाजी कानात म्हणाला, "बघा, शिस्त!" मला मात्र विचित्र वाटलं. नवीन माणूस आला की पोरी बघतात. बघायलाच पाहिजे.

विजयसिंह सर पांढऱ्या कपड्यात, गळ्यात शिट्टी. गोड बोलले. "आमच्याकडं विसरणं हा प्रकारच नाही. चाळीस दिवस भेट नाही. रविवारी आम्हीच फोन लावून देऊ." मी डॉक्टरांचं बोलायला गेलो. हसले. "ते मोठ्या लोकांचे आजार."

मोहिनीचा मोबाईल, घड्याळ, रंगाची पेटी — सगळं काढून घेतलं. ती मला म्हणाली, "पप्पा, मी उद्यापासून वेळेवर करीन. खरंच करीन." मी म्हणालो, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे.

फाटक लागलं. शिट्टी वाजली. मागं वळून बघितलं तर ती ओळीत बसलीसुद्धा होती.

२७ जुलै, रविवार

पहिला फोन. "मी बरी आहे. माझं सगळं वेळेवर होतं. काळजी करू नका." बबिता रडली — आनंदानं. "बघा, आठ दिवसांत!"

पण मोहिनी फोनवर नेहमी तीन गोष्टी एकदम सांगते, चौथी अर्धी सोडते.

३ ऑगस्ट, रविवार

"मी बरी आहे. माझं सगळं वेळेवर होतं. काळजी करू नका."

मी विचारलं, जेवलीस का? मागून कुणीतरी खाकरलं. मग — "मी बरी आहे."

४ ऑगस्ट, सोमवार

बबिताला म्हणालो, घेऊन येऊ तिला. "अर्ध्यात आणली तर होतं तेही जाईल," म्हणाली. कामावर कंट्रोल रूममध्ये आकडे लिहिताना दोनदा चुकलो. साहेबांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना?

१० ऑगस्ट, रविवार

तेच वाक्य. शब्दसुद्धा बदलला नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन उरकून, कुणाला न सांगता मोटरसायकल काढून पाटोद्याच्या पुढं गेलो. फाटकावरच अडवलं. माणूस म्हणाला, "चाळीस दिवस झाले न्हाईत. नियम म्हंजे नियम." मी बाप आहे म्हणालो. "समद्यांचेच बाप हायेत."

कुंपणातून दिसलं तेवढं बघितलं. उन्हात पाच-सहा पोरी उभ्या. हात वर. हलत नव्हत्या. त्यांत मोहिनी होती की नाही कळलं नाही. लांबून सगळ्या सारख्याच दिसत होत्या. केस कापलेले.

घरी सांगितलं नाही. काय सांगणार? मीच तर सोडून आलो.

१८ ऑगस्ट, सोमवार

वनमाला मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, "तिला आणा. चाळीस दिवसांची वाट बघू नका." मी म्हणालो, बबिताचं मन... "आईचं मन मी बघते. तुम्ही पोरगी आणा."

२४ ऑगस्ट, रविवार

आज फोन आला नाही. तीनदा लावला. बंद.

मॅडम दुपारी घरी येऊन बबिताजवळ बसल्या. काय बोलल्या माहीत नाही. त्या गेल्यावर बबिता म्हणाली, "महालक्ष्म्यांना माझी पोरगी घरात पाहिजे."

३१ ऑगस्ट, रविवार

आणली!

सर सोडायला तयार नव्हते. "अर्धवट नेताय, बिघडेल." आज बबिता सोबत होती. ती फाटकासमोर खाली मातीतच बसली. "सणाला लेक दिल्याशिवाय मी हलत न्हाई." मागं दोन-चार गाड्या थांबल्या, लोक बघायला लागले. तेव्हा सोडली.

मोहिनी बाहेर आली. पिशवी हातात. कपड्यांच्या घड्या अशा, की पट्टी लावून घातल्यासारख्या. त्या घड्यांकडं बघून बबिता मला हळूच म्हणाली, "बघितलं ना?" आणि मग पोरीचा दंड धरला, तशी तिचा चेहरा उतरला. दंड तिच्या मुठीत मावला.

रस्ताभर मोहिनी एक शब्द बोलली नाही. घाटनांदूरला रसवंतीवर थांबलो. रस समोर ठेवला. पीत नव्हती. बर्फ विरघळला. मग मला म्हणाली, "पिऊ का?"

१ सप्टेंबर, सोमवार

महालक्ष्म्यांचं जेवण. घर भरलेलं. सगळे म्हणाले, पोरगी केवढी शहाणी झाली! सांगेल तिथं बसते, सांगेल ते उचलते. तानाजी तर छाती फुगवून फिरत होता.

मोहिनी न्हाणीघराच्या दाराशी उभी होती. पंधरा मिनिटं. बबितानं विचारलं, "काय गं?" — "जाऊ का?"

पाहुणे गेल्यावर बबिता देवीसमोर बसून राहिली. मला म्हणाली, "मी हे मागितलं नव्हतं हो."

संध्याकाळी शेजारच्या पोरांनी गल्लीत शिट्टी फुंकली. मोहिनी हातातलं ताट टाकून भिंतीला पाठ लावून उभी राहिली. हात वर.

४ सप्टेंबर, गुरुवार

तिघं मिळून अंबाजोगाईला. बबिता मंडईतून, लोकांसमोरून चालत स्टँडवर गेली. कुणी विचारलं तर सांगायची, "लेकीला डॉक्टरकडं नेतेय."

डॉक्टर मॅडमनी मोहिनीच्या पायाच्या पोटऱ्या बघितल्या. वळ. जुने, नवे. नोंद केली, फोटो काढले. आमच्यावर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाल्या, "आता दोन कामं आहेत. आधीचं होतंच. त्यावर हे नवीन. सध्या तिला काही विचारू नका. सांगायचं ते ती सांगेल."

९ सप्टेंबर, मंगळवार

भिंतीवर कागद लावला. सकाळची पाचच कामं, बबिताच्या अक्षरात. एकेका कामाला बबिता शेजारी बसते. घाई नाही, आवाज नाही. आज दात घासून ती आपणहून दुसऱ्या ओळीवर आली. मग तिसरीवर अडकली — वेणीच्या. केस आहेत कुठं? बबितानं ती ओळ खोडली, आणि दोघी हसल्या.

हसली! दीड महिन्यानं.

पण दार वाजलं की अजून तिचे हात वर जायला लागतात. अर्ध्यातून खाली घेते. मी बघितलं नाही असं दाखवतो.

तानाजीचा फोन. "दाजी, सर लई नाराज हायेत. पोरगी बाहेर काई बोलली तर तुमालाच तरास होईल, म्हणले. आपलं नातं हाय म्हणून सांगतो." मी फोन ठेवला.

अशा निरोपाची गरज का पडावी? काय बोलेल असं वाटतंय त्यांना?

११ सप्टेंबर, गुरुवार

अनोळखी जीप गल्लीच्या तोंडाला अर्धा तास उभी. बबिता बाहेर गेली तशी निघून गेली. मोहिनीला शाळेत मीच नेतो-आणतो. वनमाला मॅडमनी तिला पुढच्या बाकावर घेतलंय.

१३ सप्टेंबर, शनिवार

मोहिनी बोलली.

दुपारी बबिता शेंगा फोडत होती, मी पेपर वाचत होतो. मोहिनी मध्येच, कुणाकडं न बघता, सुरू झाली. शिट्टीवर उठायचं, शिट्टीवर जेवायचं. वेळेत झालं नाही तर ताट नाही. तिचं पहिले दहा दिवस एकदाही वेळेत झालं नाही. शेजारी एक मुलगी होती, शिवकन्या नावाची. मेंढपाळाची लेक. ती आपली अर्धी भाकरी ओढणीत लपवून मोहिनीला द्यायची. एकदा सापडली. तिला पत्र्याच्या खोलीत घातलं. दोन दिवस. ऊन होतं.

"मग?" बबितानं विचारलं.

"मग सरांनी जीप आणली. चादरीत गुंडाळून नेलं. म्हणाले, तिला ताप आलाय, घरी पाठवली. कुणी विचारायचं नाही." तेव्हापासून आम्ही तिला आणेपर्यंत फाटक कुणासाठीच उघडलं नाही, फोन बंद झाले.

मी तारीख विचारली. "तारीख नाही येत पप्पा. पण तिच्या पप्पांचा नंबर येतो. ती रोज माझ्याकडून म्हणून घ्यायची. मला लक्षात राहत नाही ना, म्हणून." आणि दहाही आकडे सांगितले. न अडखळता.

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळी लावला. तिच्या वडिलांचं नाव आश्रुबा. मेंढरं घेऊन लांब गेलेत, रेंज येत-जात होती. मी पाटोद्याचं नाव काढलं, तर त्यांना वाटलं, केंद्रातूनच फोन आलाय. मला पुढचं बोलूच दिलं नाही —

"सर, लई दिसांनी फोन केला! शिवकन्या रुसली का आमच्यावर? द्या की जरा तिच्याकडं."